एजंटने आकडा दिला, पण तो खरा कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरला सांवेर रोडवर आमचा नमकीनचा कारखाना आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर इथल्याच एकाकडून करून घेतलं आहे, त्याचा डेटा पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असतो. हिशेब टॅलीत. पुतण्या म्हणतो, डेटाबेसला एआय एजंट जोडून देतो, मग मोबाइलवर मराठीत नाहीतर हिंदीत विचारायचं की उत्तर हजर. हे खरंच चालतं का? त्याच्या आकड्यावर विसंबून माल काढायचा किंवा कुणाची उधारी थांबवायची, एवढा भरवसा ठेवता येईल का? आणि आमचा डेटा बाहेर जाण्याची भीती किती?

ताई, चालतं. इंदूर, देवास, पीथमपूर भागातल्या कारखान्यांचे आणि व्यापाऱ्यांचे डेटाबेस सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि अलीकडे असे एजंटही बसवून दिले आहेत. प्रश्न समजून घेणं आणि त्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला समजेल अशी विचारणा, लिहिणं यात आजची एआय मॉडेलं चांगली तयार झाली आहेत. अडतं ते दुसरीकडे. तुमच्या कारखान्यात ‘विक्री’ म्हणजे नेमकं काय, ‘थकबाकी’ कुठली धरायची, ‘मागचा सीझन’ कुठून कुठपर्यंत, हे डेटाबेसमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते तुमच्या, तुमच्या घरच्यांच्या आणि मुनीमजींच्या डोक्यात असतं. ते आधी बाहेर काढून डेटाबेसमध्ये बसवलंत तर एजंट कामाचा. नाहीतर तो शुद्ध भाषेत, ठामपणे चुकीचा आकडा सांगेल आणि तो चुकीचा आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

एजंट नेमकं करतो काय ते आधी सांगतो. तुम्ही विचारलंत, ‘गेल्या महिन्यात देवास लाइनवर सगळ्यात जास्त काय खपलं?’ (लाइन म्हणजे गाडी माल पोचवते तो मार्ग.) मॉडेल डेटाबेसमधल्या टेबलांची आणि कॉलमांची यादी वाचतं, त्यावरून एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या भाषेत, क्वेरी लिहितं आणि चालवतं. एरर आली तर ती वाचून क्वेरी सुधारतं, पुन्हा चालवतं आणि आलेल्या ओळींवरून तुम्हाला उत्तर देतं. हे चक्र तो आपलं आपण फिरवतो, म्हणून त्याला एजंट म्हणायचं. मेख इथेच आहे. कॉलमचं नाव चुकलं तर डेटाबेस एरर देतो आणि एजंट दुरुस्ती करतो. पण क्वेरी व्याकरणाने बरोबर असून अर्थाने चुकलेली असेल, तर डेटाबेस मुकाट्याने आकडा काढून देतो. ती चूक या चक्रात सापडतच नाही.

माणसाच्या भाषेत डेटाबेसला विचारायची धडपड जुनी आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ल्यूनार’ नावाची प्रणाली चंद्रावरून आणलेल्या खडकांबद्दल भूगर्भशास्त्रज्ञांनी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होती. 1974 मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ‘सीक्वेल’ मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही माहिती काढता यावी, हा तिचाही हेतू होता. ल्यूनारचं निभावलं, कारण तिचं जग खडकांपुरतं होतं आणि त्या जगातला प्रत्येक शब्द आधीच पक्का करून ठेवलेला होता. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आजच्या मॉडेलांबद्दल दोन मोजमापं सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाला थेट भिडतात. 2023 मध्ये ‘बर्ड’ नावाची चाचणी आली, 95 डेटाबेस आणि 12,751 प्रश्नांची. त्या वेळच्या जीपीटी-4 ला नुसते डेटाबेस दिले तेव्हा सुमारे 35 टक्के उत्तरं बरोबर आली. प्रत्येक प्रश्नासोबत लागणारी जुजबी माहिती दिली, म्हणजे अमुक कॉलमचा अर्थ काय, अमुक गोष्ट कशावरून ठरते, तेव्हा तोच आकडा सुमारे 55 वर गेला. माणसांचे गुण जवळपास 93 होते. मॉडेल तेच, डेटाबेस तेच. फरक पडला तो समजावून सांगितल्याने. पुढच्या वर्षी ‘स्पायडर 2.0’ आली. खऱ्या कंपन्यांत असतात तसे हजारहून जास्त कॉलमांचे डेटाबेस तिच्यात होते. 2018 च्या जुन्या, सोप्या स्पायडरवर 91 टक्के मिळवणारा एजंट तिथे 21 टक्क्यांवर आला. मॉडेलं त्यानंतर बरीच पुढे गेली आहेत. पण कंपनीच्या जाहिरातीत दाखवलेला डेमो आणि तुमचा दहा वर्षं वाढत गेलेला डेटाबेस यांत हेच अंतर असतं.

आता एक चूक अगदी जवळून बघू. उज्जैनच्या एका दुकानदाराचं एक बिल आहे, 11,800 रुपयांचं. त्यात लसूण शेव तीन पाकिटांत गेली: 200 ग्रॅम, 400 ग्रॅम आणि 1 किलो. म्हणजे बिलाच्या तपशिलात तीन ओळी. त्याने पैसे दोनदा दिले, एकदा 5,000 आणि एकदा 4,000. बाकी राहिले 2,800. तुम्ही विचारता, ‘ज्यांनी लसूण शेव घेतली त्यांच्याकडे थकबाकी किती?’ एजंट बिलाचं टेबल, तपशिलाचं टेबल आणि जमेचं टेबल एकमेकांना जोडतो. तीन ओळी आणि दोन जमा, म्हणून त्या एका बिलाच्या सहा ओळी होतात. बिलाची रक्कम सहा वेळा मोजली जाते, 70,800. प्रत्येक जमा तीन वेळा, 27,000. वजाबाकी 43,800. एजंट सांगतो, थकबाकी त्रेचाळीस हजार आठशे. क्वेरीत एरर नाही, बेरीज-वजाबाकीही बिनचूक. एका बिलावर हे डोळ्यांना दिसतं, पण चारशे दुकानांची एकत्र रक्कम समोर आली तर कुणाला संशय यावा? चांगली मॉडेलं ही चूक बऱ्याचदा टाळतात. पण बऱ्याचदा टाळतात एवढ्यावर एखाद्या दुकानदाराचा माल अडवता येत नाही.

दुसरी चूक याहून गुळगुळीत. ‘जानेवारीपासून ज्यांनी माल उचललाच नाही असे दुकानदार कोण?’ एजंट क्वेरी लिहितो: जानेवारीपासूनच्या बिलांत ज्यांचा ग्राहक क्रमांक नाही ते सगळे दाखव. कारखान्याच्या दारावरच्या रोखीच्या बिलांत ग्राहक क्रमांक रिकामा असतो. एसक्यूएलमध्ये ‘यांच्यात नाही’ ही अट लावली आणि त्या यादीत एक जरी रिकामी किंमत, म्हणजे नल, असली तरी एकही ओळ परत येत नाही. हा नियमच आहे. एजंट आनंदाने कळवतो, असा एकही दुकानदार नाही, सगळे नियमित माल घेत आहेत. सेल्समनची बैठक तिथेच संपते आणि तुटलेली दुकानं तुटलेलीच राहतात.

याच्या उलटही होतं. उत्तर रिकामं आलं की काही एजंट अटी एकेक करून सैल करतात, काहीतरी सापडेपर्यंत. तुम्ही विचारलेलं असतं खरगोनचं, उत्तर येतं सगळ्या निमाडचं. आणि एक पाहून ठेवा: बरीच साधनं मॉडेलपुढे पहिल्या ठरावीक ओळीच ठेवतात. मॉडेलने त्या ओळींची बेरीज स्वतः केली तर उरलेल्या ओळी हिशेबात येतच नाहीत. बेरीज नेहमी डेटाबेसनेच करायची आणि ओळी कापल्या गेल्या असतील तर तसं उत्तरात लिहून यायला हवं. ही सूचना पुतण्याला पहिल्याच दिवशी द्या.

आता मुख्य भाग, अर्थाचा. तुमच्याच धंद्यातलं घ्या. पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. हजार रुपयांचा माल आधी 1,120 च्या बिलात जायचा, नंतर 1,050 च्या. माल तोच, भाव तोच, तरी बिलाची रक्कम सव्वासहा टक्क्यांनी कमी. एजंटने बिलाच्या एकूण रकमेला ‘विक्री’ धरलं तर तो सांगणार की ऑक्टोबरपासून विक्री घसरली. तुम्ही कारण विचारलंत तर तो कारणंही शोधून देईल: अमुक लाइन मंदावली, तमुक पाकीट कमी गेलं. डेटामध्ये शोधलं की काहीतरी हाती लागतंच. विक्री म्हणजे कराआधीची रक्कम, त्यातून परत आलेला माल वजा आणि रद्द झालेली बिलं सोडून, हे एकदा ठरवून लिहून ठेवलं असतं तर हा गोंधळ झालाच नसता. आणि कराचा दर बिलावर साठवलेला आहे की फक्त आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, तेही तपासा. मास्टरमध्येच असेल तर जुन्या महिन्यांचा कर आजच्या 5 टक्क्यांनी काढला जाईल.

दिवाळीचं बघा. 2023 ला दिवाळी 12 नोव्हेंबरला होती, 2025 ला 20 ऑक्टोबरला. ‘या ऑक्टोबरची त्या ऑक्टोबरशी तुलना कर’ म्हटलं तर एजंट इमानदारीने करेल आणि तुम्हाला नसलेली वाढ दिसेल. नमकीनवाल्याला हवी असते ती दिवाळीआधीच्या चार-पाच आठवड्यांची तुलना. त्यासाठी एक छोटं टेबल करा: वर्ष आणि दिवाळी, होळी, राखी, रंगपंचमी यांच्या तारखा. पंचांग बघून एका बैठकीत भरून होतं. मग ‘दिवाळीच्या सीझनमध्ये’ म्हटल्यावर एजंटला अंदाज करायची वेळच येत नाही. ‘या वर्षी’ म्हणजे एप्रिल ते मार्च की जानेवारी ते डिसेंबर, हेही तसंच ठरवून ठेवायचं.

वेळेचा एक बारकावा आहे, त्याकडे सहसा कुणी बघत नाही. डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमच्या गाड्या रात्री भरतात. 1 एप्रिलच्या रात्री दोन वाजता फाडलेलं बिल तिथे 31 मार्च, रात्री साडेआठ असं दिसतं, आणि ते मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडतं. एजंटच्या लॉगिनला भारताचा टाइमझोन लावून द्या आणि बिलाची तारीख हा कॉलम तयारच ठेवा.

नावांचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच. आपण बोलतो महू, सरकारी कागदावर डॉ. आंबेडकर नगर. होशंगाबादचं 2022 मध्ये नर्मदापुरम झालं. तुमच्या ग्राहकांच्या यादीत दोन्ही नावं असणार, कारण जुने पत्ते कुणी बदलत नाही. मालाची नावं रोमन लिपीत, आणि लसूण शेवेचं स्पेलिंग बिल करणाऱ्या प्रत्येक मुलाने आपापलं लावलेलं. ‘श्री गणेश किराणा’ तर प्रत्येक गावात एक. इथे एजंटला अंदाजाने नाव लिहू द्यायचं नाही. आधी यादीत शोधायचं साधन त्याच्या हाती द्यायचं. पोस्टग्रेसमध्ये जवळपासची स्पेलिंगं शोधायला ट्रायग्रामचं, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून बघणारं, एक्स्टेन्शन येतं, ते रोमन नावांवर छान चालतं. आणि एकाहून जास्त जुळली तर त्याने थांबून विचारायचं: धारचा की सोनकच्छचा? हे उलट विचारणं मला फार मोलाचं वाटतं. जो एजंट कधीच काही विचारत नाही, त्याच्यापासून जपून राहा.

शेवटचा अर्थ टॅलीचा, आणि तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा आहे. मुनीमजी आलेले पैसे टॅलीत टाकत असतील आणि बिलिंगमध्ये जमा फक्त काही दुकानदारांची होत असेल, तर बिलिंगच्या डेटाबेसमधून काढलेली थकबाकी क्वेरी कितीही अचूक असली तरी खोटीच. टॅलीचा डेटा एसक्यूएलच्या टेबलांत नसतो. तो ओडीबीसी किंवा एक्सएमएल या डेटा देण्याघेण्याच्या पद्धतींनी वाचता येतो, त्यासाठी टॅली चालू असलेल्या मशिनवर बहुधा 9000 नंबरचा पोर्ट असतो. रोज रात्री पार्टीनिहाय बाकी तिथून ओढून पोस्टग्रेसमधल्या एका टेबलात ठेवा, सोबत ‘कुठल्या वेळेपर्यंतची’ हा कॉलम. एजंटला थकबाकी त्याच टेबलातून सांगायची मुभा द्या, दुसरीकडून नाही.

मग हे सगळं बसवायचं कुठे? बरेच जण एजंटच्या सूचनांचा लांबलचक निबंध लिहितात. थोडा उपयोग होतो, पण माझा भर व्ह्यूवर असतो. व्ह्यू म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेली एक नक्की केलेली क्वेरी, वापरणाऱ्याला ती टेबलासारखीच दिसते. तुमच्या बिलिंगमध्ये ऐंशी-शंभर टेबलं असतील. त्यांतलं एकही एजंटला दाखवू नका. त्याच्यासाठी सात-आठ व्ह्यू करा. बिलांचा एक, ज्यात एका बिलाची एकच ओळ आणि निव्वळ विक्री मोजून ठेवलेली. मालाच्या ओळींचा एक, ज्यात वजन किलोमध्ये, कारण पाकिटं मोजून शेवेचा अंदाज येत नाही. थकबाकीचा एक, एका पार्टीची एक ओळ. परत आलेल्या मालाचा, साठ्याचा, दुकानदारांचा असे आणखी काही. कॉलमांची नावं तुम्ही बोलता तशी ठेवा आणि प्रत्येक कॉलमवर पोस्टग्रेसमधली कॉमेंट लिहा: ‘निव्वळ विक्री: कराआधी, परतावा वजा, रद्द बिलं सोडून.’ एजंट ती वाचतो. वरचा 43,800 चा घोळ इथे होत नाही, कारण थकबाकी आधीच पार्टीनिहाय मोजलेली आहे. ल्यूनारसारखं छोटं, बांधलेलं जग म्हणतो ते हेच. हे व्ह्यू माणसानेच लिहायचे आणि मुनीमजींना समोर बसवून लिहायचे. मॉडेलला मसुदा करायला सांगा हवं तर, पण सही माणसाची.

रोज सकाळी विचारायचे प्रश्न तेच दहा-बारा असतील, तर त्यांच्यासाठी एजंटला क्वेरी लिहायला लावूच नका. ते रिपोर्ट पक्के करून ठेवा आणि एजंटला एवढंच काम द्या की तुमच्या बोलण्यावरून योग्य रिपोर्ट निवडायचा आणि त्यात तारीख, लाइन, माल भरायचा. माझ्या अनुभवात छोट्या कारखान्याची बहुतांश गरज इथेच भागते, आणि चुकायला जागा फार कमी उरते. मोकळी क्वेरी राखून ठेवा ती अवचित सुचलेल्या प्रश्नांसाठी, आणि तसं उत्तर आलं की त्यावर ‘ही नवीन क्वेरी आहे’ अशी खूण असू दे.

भीतीबद्दल विचारलंत. पहिली भीती डेटा पुसला जाण्याची. ‘फक्त वाच, काही बदलू नकोस’ असं एजंटला सांगणं म्हणजे दाराला कुलूप न लावता पाटी लावणं. जुलै 2025 मध्ये अमेरिकेत प्रोग्रामिंगच्या एका एजंटने, काही बदलू नकोस अशी स्पष्ट ताकीद असतानाही, चालू डेटाबेस पुसला होता. एजंटसाठी वेगळं लॉगिन करा आणि त्याला फक्त त्या सात-आठ व्ह्यूवर सिलेक्टची, म्हणजे नुसतं वाचायची परवानगी द्या. ‘रीड-ओन्ली’ची सेटिंग वरून लावा, पण तेवढ्यावर राहू नका, कारण ती सेटिंग त्याच लॉगिनमधून उलटवता येते. परवानगीच दिलेली नसेल तर ती उलटवता येत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने डेटाबेसमध्ये फंक्शन लिहिली असतील तर तीही बघा. पोस्टग्रेसमध्ये नवं फंक्शन चालवायची मुभा मुळात सगळ्यांना असते, आणि काही फंक्शन मालकाच्या अधिकाराने चालतात. ती मुभा काढून घ्यावी लागते. क्वेरीला तीसेक सेकंदांची मर्यादा घाला. आणि चालू डेटाबेसऐवजी रात्री घेतलेल्या प्रतीवर एजंट ठेवा, म्हणजे दिवाळीच्या गर्दीत त्याच्या एखाद्या जड क्वेरीने बिलिंगचं काउंटर अडकायला नको.

सेल्समनलाही हे द्यायचं असेल तर प्रत्येकाला आपापलीच लाइन दिसली पाहिजे, आणि ती भिंत डेटाबेसमध्येच हवी. पोस्टग्रेसमध्ये 9.5 आवृत्तीपासून ओळीनिहाय परवानगी आहे. इथे एक खाच आहे: व्ह्यू मुळात त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे ओळींवरचं बंधन व्ह्यूमधून निसटतं. 15 व्या आवृत्तीपासून व्ह्यूला विचारणाऱ्याच्या अधिकाराने चालवायची सोय आली आहे. पुतण्याला आवृत्ती विचारा. जुनी असेल तर आधी ती बदला.

दुसरी भीती डेटा बाहेर जाण्याची. मॉडेल परदेशातल्या सर्व्हरवर असेल तर तुमचा प्रश्न, व्ह्यूची रचना आणि आलेल्या ओळी, तिन्ही तिकडे जातात. कुठल्या अटींवर, किती दिवस साठवून, प्रशिक्षणासाठी वापरणार का, हे करारात वाचून घ्या. मोफतच्या खात्यावर धंद्याचा डेटा टाकू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आहेत. दुकानदारांचे मोबाइल नंबर, पत्ते, पॅन व्ह्यूमध्ये आणूच नका. विक्रीच्या प्रश्नांना ते लागत नाहीत. बरेच जण पॅनचा कॉलम लपवतात आणि जीएसटी क्रमांक उघडा ठेवतात. जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, आपल्या मध्य प्रदेशाचे 23, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. मालकी दुकानाच्या बाबतीत तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन.

आणखी एक धोका नवा आहे. बिलाच्या शेऱ्यात, ऑर्डरच्या निरोपात बाहेरचा माणूस काहीही लिहू शकतो. एजंट ते वाचतो, आणि त्यात कुणी सूचना दडवली असेल तर तिच्यामागे जाण्याची शक्यता असते. त्यामुळे डेटाबेस वाचणाऱ्या एजंटला व्हॉट्सॲप किंवा ईमेल पाठवायची ताकद सोबत देऊ नका, आणि बाहेरून भरले जाणारे मोकळ्या मजकुराचे कॉलम व्ह्यूमधून वगळा. वसुलीचे मेसेज एजंटकडून परस्पर जावेत अशी पुतण्याची कल्पना असेल, तर सध्या तिला नाही म्हणा.

भरवसा कसा बसवायचा, तर परीक्षा घेऊन. तुमच्याकडे एक आयती उत्तरपत्रिका आहे: सीएकडे गेलेले जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचे जीएसटी रिटर्न. गेल्या बारा महिन्यांची करपात्र रक्कम एजंटला महिनावार विचारा आणि रिटर्नशी ताडून बघा. रुपयापर्यंत जुळली पाहिजे, आणि फरक आला तर तो कशाचा हे सांगता आलं पाहिजे. सप्टेंबर 2025 वर बोट ठेवा, त्या एकाच महिन्यात दोन दर आहेत. मग मुनीमजींना ठाऊक असलेल्या उत्तरांचे तीस-चाळीस प्रश्न लिहून काढा. तुम्ही बोलता तसेच लिहा, ‘महू वाल्यांचा किती माल वापस आला’ अशा इंदुरी वळणाने, कारण प्रत्यक्षात प्रश्न तसेच येणार. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर तो व्ह्यू अजून पक्का नाही. मॉडेल बदललं, सॉफ्टवेअरवाल्याने नवं टेबल जोडलं, कराचा दर हलला, की हीच परीक्षा पुन्हा. हे काम कंटाळवाणं आहे आणि यातच सगळं आहे.

प्रत्येक उत्तराखाली त्याने काय धरलं ते साध्या मराठीत यायला हवं: ‘1 ते 30 सप्टेंबर, निव्वळ विक्री, महू आणि डॉ. आंबेडकर नगर दोन्ही धरून, 212 बिलं, डेटा काल रात्री 11 पर्यंतचा.’ एसक्यूएल वाचता येत नसलं तरी ही ओळ तुम्हाला वाचता येते, आणि यातलं काय चुकलंय हे तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. असा तळटिपेसारखा खुलासा न देणारं साधन कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

तुमच्या थेट प्रश्नाला उत्तर: लाइनवार खप, पाकिटांचा कल, परतावा, कुठल्या दुकानाची ऑर्डर कमी होत चालली आहे, या गोष्टींसाठी परीक्षेत उतरलेल्या एजंटवर विसंबून माल काढायला हरकत नाही. उधारी थांबवण्याचा निर्णय मात्र त्याच्या एकट्याच्या शब्दावर नको. त्याने यादी द्यावी, मुनीमजींनी ती टॅलीतल्या खात्याशी ताडावी आणि फोन माणसाने करावा. वीस वर्षं माल घेणाऱ्या दुकानदाराला चुकीच्या आकड्यावरून अडवलं तर ते नातं कुठल्याही क्वेरीने सांधता येत नाही.

सुरुवात थकबाकीपासून करा. या महिनाअखेरीला बिलिंगमधली पार्टीनिहाय बाकी आणि टॅलीतली पार्टीनिहाय बाकी, दोन याद्या शेजारी शेजारी काढायला पुतण्याला सांगा. त्याला एजंट लागत नाही. किती नावं जुळत नाहीत आणि का, हे मुनीमजींसोबत बसून बघा. तो फरक मिटेपर्यंत एजंटला थकबाकीचं टेबल दाखवू नका. विक्रीचे व्ह्यू मात्र त्याच आठवड्यात सुरू करता येतील.